बीज की क्षेत्र? एंडोमेट्रिओसिस, बीजांड आणि एका जुन्या दोषारोपाचा इतिहास (थ्रेड)

१/
मूल होत नसेल, तर उणीव बीजात की क्षेत्रात? हा प्रश्न धर्मशास्त्राने विचारला, वैद्यकाने विचारला आणि घराघरांतून तर तो कुजबुजत विचारला गेला. १९९४ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील डॉक्टरांनी एका विशिष्ट आजाराच्या संदर्भात त्याची प्रत्यक्ष पडताळणी केली. तो आजार म्हणजे एंडोमेट्रिओसिस.

२/
आरंभ कुंडलपासून करू. आजच्या सांगली जिल्ह्यातील हे गाव क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे केंद्र म्हणून परिचित आहे. त्या काळी ते औंध संस्थानात होते. १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि तेथील लोखंडी नांगर दूरदूरच्या शेतांत पोहोचला. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघू लागले आणि स्त्रियांच्या जगण्याचे प्रश्न मराठीत छापून येऊ लागले. या शेतकरी मुलखात बीज आणि क्षेत्र हे रोजच्या अनुभवाचे विषय. आपल्या परंपरेत मात्र हीच दोन रूपके स्त्रीच्या देहालाही लावली गेली.

३/
मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज मानले आहे. वंध्या पत्नी असल्यास आठव्या वर्षी दुसरी करावी, हे वचनही त्याच अध्यायातले. सुश्रुतसंहितेची मांडणी वेगळी आहे. गर्भधारणेसाठी तेथे चार घटक सांगितले आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. म्हणजे योग्य काळ, गर्भाशय, पोषक रस आणि बीज. वैद्यकाने अशी चार कारणे मोजली, तरी समाजाने दोष एकटीच्याच पदरात घातला. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्या विवाहास बंदी आली. तोवर अपत्यहीनता हे दुसऱ्या लग्नाचे सर्वमान्य कारण होते.

४/
‘बीज पुरुषाचे, क्षेत्र स्त्रीचे’ या विभागणीला मोठा धक्का १८२७ मध्ये बसला. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्याचे बीजांड सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. स्त्रीकडे स्वतःचे बीज असते आणि मानवी शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींत त्याची गणना होते, हे पुढे स्पष्ट झाले. व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा.

५/
आता आजाराकडे. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा ओटीपोटात वाढते. ती मासिक पाळीच्या संप्रेरकांना प्रतिसाद देते. त्यातून दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. १८६० मध्ये व्हिएन्नातील कार्ल फॉन रोकितान्स्की यांनी अशा ऊतीचे वर्णन केले. १९२१ मध्ये अमेरिकेतील जॉन सॅम्पसन यांनी अंडाशयातील, जुन्या रक्ताने भरलेल्या गाठींवर लेखन केले. रंगावरून त्यांना ‘चॉकलेट सिस्ट’ हे नाव मिळाले. पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलट पोटात जाते व तेथे ही ऊती रुजते, हा त्यांचा १९२७ चा सिद्धान्त आजही चर्चेत आहे.

६/
आयुर्वेदात उदावर्ता नावाच्या योनिव्यापदात वेदनायुक्त पाळीचे वर्णन आढळते. ते आणि एंडोमेट्रिओसिस एकच, असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. मात्र वेदना नवी नव्हती, एवढे त्यावरून निश्चित कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. ‘पाळीत दुखायचेच’ या समजुतीमुळे निदानास अनेकदा वर्षे जातात.

७/
या आजारात मूल का होत नाही? पहिले उत्तर यांत्रिक होते: बीजवाहिन्या चिकटतात, वाट बंद होते. परंतु वाहिन्या मोकळ्या असलेल्या, सौम्य आजाराच्या स्त्रियांनाही गर्भधारणेस अडचण येत होती. म्हणून संशय बीजांडाकडे वळला. पण शरीराच्या आत दडलेले बीजांड तपासायचे कसे?

८/
वाट काढली ती शरीराबाहेरील फलनाने. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये या पद्धतीने पहिले मूल जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कार्यातून एक मुलगी जन्मली. बीजांड काढणे, फलन घडवणे, पेशींचे विभाजन पाहणे आता मराठी मुलखातही शक्य झाले होते.

९/
त्यानंतर आले बीजांडदान. एकीचे बीजांड, दुसरीचे गर्भाशय. बीज आणि क्षेत्र प्रथमच खरोखर वेगळे करता आले! व्हॅलेन्सियाच्या गटाला १९९४ मध्ये आढळले की, एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीची बीजांडे निरोगी स्त्रीला दिली, तर गर्भ रुजण्याचे प्रमाण घटते. उलट, आजारी स्त्रीला निरोगी बीजांडे दिली, तर यश इतरांइतकेच मिळते. २००० मध्ये तेथेच एका दात्रीची बीजांडे दोन स्त्रियांत वाटून पाहिली गेली. एकीला तीव्र आजार, दुसरीला नाही. फरक आढळला नाही.

१०/
बीजांडाला काय होत असावे? ते एका द्रवाने भरलेल्या पुटकात वाढते आणि भोवतालच्या पेशी त्याला पोसतात. या आजारात त्या द्रवात दाह निर्माण करणारे रेणू वाढलेले आढळतात. चॉकलेट सिस्टमधील जुन्या रक्तातील लोह पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजन-रेणूंना चालना देते. त्यामुळे ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया आणि गुणसूत्रांची वाटणी करणारी तर्कुरचना बिघडू शकते. यातील बराच पुरावा प्राण्यांच्या बीजांडांवरील प्रयोगांतून आला आहे.

११/
याचा परिणाम भ्रूणावर का व्हावा? १९८८ मध्ये ब्रिटनमधील पीटर ब्रॉड व सहकाऱ्यांनी दाखवले की, मानवी भ्रूणाची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात. तोवरचे पहिले दोन-तीन दिवस भ्रूण बीजांडातील शिदोरीवर जगतो. शिदोरी अपुरी असेल, तर फलन होऊनही विभाजन मंदावते किंवा थांबते.

१२/
मात्र निकाल एकतर्फी नाही. २००२ च्या एका एकत्रित विश्लेषणात, बीजवाहिन्यांच्या दोषामुळे उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत या आजारात यशाची शक्यता जवळपास निम्मी दिसली. उलट २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात, समान वयाच्या स्त्रियांशी तुलना करता भ्रूणांतील गुणसूत्रदोषांचे प्रमाण सारखेच निघाले. गाठ आणि कधी कधी ती काढण्याची शस्त्रक्रियाही बीजांडांचा साठा घटवते. म्हणजे काहींच्या बाबतीत प्रश्न गुणवत्तेपेक्षा संख्येचा असतो. गर्भाशयाच्या अस्तरातील बदलांवरही संशोधन सुरू आहे, त्यामुळे क्षेत्राचा खटलाही अद्याप मिटलेला नाही.

१३/
एक गोष्ट मात्र या दोनशे वर्षांत ठामपणे बदलली. बीजांडाची गुणवत्ता हे स्त्रीच्या चारित्र्याचे, पुण्याचे वा नशिबाचे प्रमाणपत्र नव्हे. ती दाह, लोह, वय आणि ऊर्जा यांच्या हिशेबातून ठरते. हा आजार असूनही अनेक स्त्रियांना नैसर्गिकरीत्या मूल होते. आणि अपत्यहीनतेचे कारण पुरुषाच्या बीजातही असू शकते, म्हणून तपासणी दोघांचीही व्हावी लागते. कुंडल असो वा मुंबई, ज्या स्त्रीला एकेकाळी ‘वांझ’ म्हणून सवत आणली गेली, तिच्या पोटातील दुखणे आधी कोणी ऐकले होते का, हे इतिहासाने नोंदवलेले नाही. निदान आज पाळीच्या वेदनेने शाळा चुकवणाऱ्या मुलीचे दुखणे तरी वेळीच ऐकले जावे.

(थ्रेड समाप्त)