धडा संपतो तिथली इटली

इटली मी पाहिलेली नाही. आणि खरे सांगायचे तर ती पाहण्याचा योग येईल असेही वाटत नाही. घाट चढून पंढरपूरला एकदा आणि परीक्षेच्या कामासाठी कोल्हापूरला दोनदा, एवढीच माझी मुशाफिरी. तरीदेखील गेली पंधरा-सोळा वर्षे मी इटलीत हिंडतो आहे. तिथली तळी, ओसाड टेकड्या, धुळीच्या वाटा आणि घरांच्या भिंतींवरच्या तसबिरी माझ्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. ही सगळी करामत पुस्तकांची. आणि त्या पुस्तकांच्या नादी मी लागलो तो एका पोराच्या प्रश्नामुळे. तीच हकीकत दिवाळीच्या निवांतपणी वाचकांना सांगावी म्हणतो.

आम्हा मराठी माणसांची इटलीशी ओळख तशी जुनी आहे. १९०६ साली सावरकर लंडनला गेले. तेथे जोसेफ मॅझिनीचे लेखन मिळवून त्यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आणि हस्तलिखित हिंदुस्थानात धाडले. थोरले बंधू बाबाराव यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. प्रती हातोहात खपल्या. सरकारने पुस्तकावर बंदी घातली, तेव्हा तरुण मंडळींनी त्याची प्रस्तावनाच मुखोद्गत करून टाकली. बंदी उठल्यानंतरच्या आवृत्तीची एक प्रत आमच्या आजोबांच्या ट्रंकेत होती. शाळकरी वयात मी ती माळ्यावर बसून वाचली. त्या वयात मॅझिनी मला परका वाटलाच नाही. तो आमच्याच आळीतला कोणी हद्दपार झालेला काका असावा, असे वाटे.

पुढे मास्तर झालो. क्रमिक पुस्तकात असो वा नसो, इतिहासाच्या तासाला इटलीच्या एकीकरणाची गोष्ट मी रंगवून सांगू लागलो. फळ्यावर बुटाच्या आकाराचा नकाशा काढायचा, त्याचे तुकडे पाडायचे, आणि मग एकेक पात्र रंगभूमीवर आणायचे. जेनोआत १८०५ साली जन्मलेला मॅझिनी आणि १८३१ साली त्याने काढलेली ‘तरुण इटली’ ही संघटना; १८६० च्या मे महिन्यात हजारभर लाल डगलेवाले घेऊन दोन आगबोटींतून सिसिलीच्या किनाऱ्याला लागलेला गॅरिबाल्डी; काव्हूरचे डावपेच; १७ मार्च १८६१ रोजी तुरीन शहरात झालेली नव्या राज्याची घोषणा; मग १८६६ साली व्हेनिस; आणि अखेर २० सप्टेंबर १८७० रोजी रोम! फळ्यावरचे तुकडे एकाच रंगाच्या खडूने भरले, की वर्ग टाळ्या वाजवी आणि मास्तरालाही आपण काही केल्यासारखे वाटे.

अशाच एका तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. बाप मुंबईला गोदीत, आई दुसऱ्याच्या शेतावर, अशा घरचा. क्वचितच बोलणारा. म्हणाला, “गुरुजी, मंग तितली माणसं सुखी झाली का?”

“झाली तर!” मी म्हणालो. तेवढ्यात घंटा झाली.

घरी आलो तरी ते ‘झाली तर’ मनातून जाईना. मला काय ठाऊक होते? माझी इटली १८७० साली संपत होती. मास्तराने दिलेले उत्तर पोर खरे मानून घरी नेते. मी त्याला जे दिले ते मला मिळालेलेच नव्हते. तेव्हा ठरवले, आता वाचायचे. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तालुक्याचे वाचनालय आणि मुंबईच्या फुटपाथवरची जुनी पुस्तके हा सारा खजिना. शब्दकोश मांडीवर घेऊन बैलगाडीच्या चालीने प्रवास सुरू झाला.

प्रथम हाती आला गटे, आपल्या शाकुंतलावर लुब्ध झालेला तोच जर्मन महाकवी. १७८६ च्या सप्टेंबरात पहाटे तीन वाजता, कोणालाही न सांगता तो कार्ल्सबादहून निघाला आणि म्योलर असे खोटे नाव घेऊन इटलीत शिरला. त्याचे वर्णन वाचताना ऊन अंगावर येते, लिंबाच्या बागांचा वास येतो. पण एका जागी मी थबकलो. आसिसी गावात तो आला. संत फ्रान्सिसचे मंदिर पाहायला तिथे दुनिया लोटते. गटेने त्याकडे पाठ फिरवली आणि गावातले मिनर्व्हादेवीचे प्राचीन रोमन देऊळ तेवढे पाहून तो पुढे गेला. त्याला हवी होती जुन्या रोमची इटली. तीच त्याने पाहिली. मला हसू आले, आणि लगेच ओशाळलोही. मी तरी दुसरे काय केले होते? मला वीरांची इटली हवी होती. बाकीच्यांकडे माझी पाठ होती.

मग मान्झोनीची कादंबरी मिळाली. तिच्या इटालियन नावाचा अर्थ ‘वाग्दत्त वधूवर’ असा. १८२७ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. कोमो तलावाकाठची, रेशमाच्या धंद्यावर पोट भरणारी रेंझो आणि लुचिया ही दोन साधी माणसे. गावच्या मुजोर सरदाराला भिऊन त्यांचे लग्न लावायला नकार देणारा भित्रा पाद्री. मिलानमधला भाकरीसाठी झालेला दंगा आणि १६३० सालची प्लेगची साथ. साथ पसरवतात म्हणून निरपराध माणसांना पकडून हाल हाल करून मारल्याची हकीकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. राजे आणि सेनापती या कथेत कडेला उभे आहेत. मधोमध चालतात ती पायी जाणारी माणसे.

पण त्याहून मोठी गोष्ट त्या कादंबरीच्या भाषेची. मान्झोनी मिलानचा. घरीदारी बोलायची ती मिलानी बोली, नाहीतर फ्रेंच. ज्या भाषेत साऱ्या इटलीने वाचावे ती भाषा त्याला शिकून घ्यावी लागली. पुस्तक छापून झाल्यावर तो फ्लॉरेन्सला गेला, तिथल्या सुशिक्षितांची बोली कानात साठवली, आणि सगळी कादंबरी पुन्हा लिहून काढून १८४० ते १८४२ या काळात नव्याने छापली. आपले कपडे आपण आर्नो नदीत खळबळून काढले, असे तो म्हणे. तुल्यो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे, एकीकरणाच्या वेळी शंभरात अडीच माणसांनाच ही इटालियन भाषा येत होती! म्हणजे मी फळा एका खडूने रंगवत होतो, तेव्हा त्या रंगाखालची माणसे एकमेकांचे बोलणेही समजू शकत नव्हती. आणि मी वर्गात काय करीत होतो? पोर ‘मंग’ म्हणाले की ‘मग’ म्हण, असे दटावीत होतो. त्या दिवसापासून निदान ते दटावणे मी सोडले.

तिसरे पुस्तक सिसिलीच्या एका उमरावाचे. ज्युसेप्पे तोमासी दि लांपेदूसा याने आयुष्यात एकच कादंबरी पुरी केली. प्रकाशकांनी ती साभार परत केली. १९५७ च्या जुलैत तो वारला आणि पुढच्या वर्षी ‘लेपर्ड’ प्रसिद्ध होऊन जगभर गाजली. माझ्या धड्यातला गॅरिबाल्डी येथे दुसऱ्या बाजूने दिसतो. एक म्हातारा होऊ लागलेला सरदार आपल्या वाड्यातून नवे राज्य येताना पाहतो आहे. गावात सार्वमत होते. शिकारीत सरदाराच्या सोबतीला असणारा चर्चचा गरीब वादक सांगतो, की त्याने ‘नको’ असे मत दिले होते. निकाल मात्र जाहीर झाला तो असा की विरोधी मते शून्य! त्या शून्यापाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. नव्या राज्याच्या पहिल्याच दिवशी एका गरिबाचे मत कोणी गिळून टाकले होते. कादंबरीतला प्रसंग म्हणून सोडून द्यावा म्हटले, तर इतिहासाच्या पुस्तकांनी सोडू दिले नाही. १८६१ साली मताचा अधिकार शंभरात जेमतेम दोघांना होता. १८६९ पासून गिरणीतल्या दळणावर कर बसला. जात्याचे फेरे मोजायला यंत्रे लावली गेली. भाकरी महागली, दंगे झाले, गोळ्या झाडल्या गेल्या. आणि १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे देश सोडून पोटासाठी बाहेर पडली. पुष्कळजण परतले, पुष्कळ तिकडचेच झाले.

ती मागे राहिलेली गावे कशी होती, हे कार्लो लेव्हीने दाखवले. हा तुरीनचा चित्रकार, शिक्षणाने डॉक्टर. मुसोलिनीविरुद्ध उभा राहिला म्हणून १९३५ साली त्याला दूर दक्षिणेत आल्यानो नावाच्या खेड्यात स्थानबद्ध केले. त्याच्या पुस्तकाच्या नावाचाच अर्थ असा, की ख्रिस्त एबोलीपाशी थांबला, पुढे आलाच नाही. एबोलीपाशी रेल्वे आणि हमरस्ता समुद्रकाठ सोडून आत वळतात. त्यापलीकडे देवही आला नाही आणि सरकारही. आलाच तर कर वसूल करणारा आला. हिवतापाने गाव पिवळे पडलेले. सरकारने शेळ्यांवर कर बसवला, तो भरवेना म्हणून लोकांनी शेळ्याच मारून खाल्ल्या, आणि मग पोरांच्या तोंडचे दूध गेले. लेव्हीने कधी धंदा केला नव्हता, तरी लोकांनी त्याला ओढून रोग्यांच्या उशाशी नेले. प्रत्येक झोपडीत भिंतीवर दोन तसबिरी: एक काळ्या मेरीमातेची आणि दुसरी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची! राजाची नाही, गॅरिबाल्डीची नाही. कारण घरची माणसे कामाला होती ती न्यूयॉर्कला. मनीऑर्डरीवर चालणारी घरे मी रोज पाहतो. ते प्रकरण मला शब्दकोशावाचून समजले.

लेव्हीने हे पुस्तक लिहिले फ्लॉरेन्समध्ये, लपून राहिला असताना, १९४३ च्या डिसेंबरपासून १९४४ च्या जुलैपर्यंत. तो जुलै महिना आमच्या रायगड जिल्ह्याला वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. त्याच महिन्याच्या १० तारखेला, फ्लॉरेन्सपासून फार दूर नव्हे अशा टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे पडला. मराठा पलटणीतला हा नाईक अवघा बावीस वर्षांचा. हाताखालची सारी तुकडी मशीनगनने झोपवली, तेव्हा तो एकटाच तिच्यावर धावून गेला आणि ती बंद पाडून मगच कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. कासीनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा. इटलीच्या त्या लढाईत पाच हजारांहून अधिक हिंदी शिपाई मेले. गटेची इटली पुस्तकात राहिली, माझीही पुस्तकातच आहे. घाडग्यांनी मात्र ती पायांनी तुडवली. इकडे एक माणूस गरीब खेड्याची कहाणी लिहून पुरी करीत होता आणि तिकडे दुसऱ्या एका गरीब खेड्यातला मुलगा परक्या नदीकाठी मरत होता. दोघांना एकमेकांची वार्ताही नसेल. पण आता मी एकाची आठवण दुसऱ्यावाचून काढू शकत नाही.

मग मॅझिनी खोटा ठरला काय? मीही काही दिवस तसे मानून खट्टू झालो होतो. आजोबांची प्रत पुन्हा काढली आणि त्याच्या अखेरीचा इतिहास वाचला. त्याला हवे होते प्रजेचे राज्य, झाले राजाचे. एकीकरणानंतरही १८७० साली त्याला अटक होऊन तो गाएताच्या किल्ल्यात पडला. १० मार्च १८७२ रोजी पिसा शहरात एका स्नेह्यांच्या घरी तो वारला, तोही ‘ब्राउन’ असे परके नाव घेऊन. ज्याने देशाला नाव दिले, त्याला त्या देशात स्वतःच्या नावाने मरता आले नाही! म्हणजे माझा धडा जिथे टाळ्यांनी संपत होता, तिथे खुद्द मॅझिनीने टाळी वाजवली नव्हती. त्याचे प्रजासत्ताक आले ते २ जून १९४६ च्या सार्वमताने, आणि त्या वेळी बायकांनीही मते दिली. आणि लेव्ही १९७५ साली वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला पुरले ते तुरीनमध्ये नव्हे, त्याच आल्यानोत. असे उपेक्षित गाव आपले म्हणणारा एक माणूस निघाला, हे मला साऱ्या लढायांइतकेच मोठे एकीकरण वाटते.

गेल्या गणपतीत तो मुलगा गावी आला होता. आता संसारी झाला आहे, मुंबईला एका गोदामात कामाला आहे. नमस्कार करायला आला तेव्हा मी म्हणालो, “तुला एकदा मी चुकीचं उत्तर दिलं होतं.”

“कुठलं, गुरुजी?” तो प्रश्नच विसरून गेला होता.

मी आठवण दिली. मग चहा निवेपर्यंत आल्यानोची, शेळ्यांची आणि त्या दोन तसबिरींची गोष्ट सांगितली. त्याने सगळे निमूट ऐकले. उठता उठता म्हणाला, “म्हंजे तितली पण माणसं आमच्यावानीच चाकरमानी झाली म्हणा की!”

एवढे मला सोळा वर्षांत सुचले नव्हते.

गोष्ट मी अजूनही तशीच रंगवून सांगतो. लाल डगलेवाले येतात, बुटाचा नकाशा भरतो, वर्ग टाळ्या वाजवतो. फक्त धडा आता मी घंटेच्या दहा मिनिटे आधी संपवतो, आणि खडू खाली ठेवून मागच्या बाकाकडे पाहत उभा राहतो. एखाद्याला काही विचारायचे असेल.