नानीचा वेगळा पेला

आमच्या नानीला क्षय होता. घरात तसं म्हणायची हिंमत कुणाची नव्हती. ‘सीने की बीमारी’, एवढंच. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा.

पूर्वी क्षय म्हणजे सॅनिटोरियम. मोकळी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती आणि घरापासून ताटातूट. आपल्याकडं त्यासाठी मिरजेचं नाव होतं. पण गरिबांना खाटा पुरणार किती? १९५६ साली मद्रासमध्ये डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या पथकानं १९३ गरीब रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर: आयसोनियाझिड आणि पास. सॅनिटोरियममध्ये जेवण चांगलं, आराम भरपूर. घरी दाटीवाटी, अर्धपोटी दिवस. १९५९ मध्ये निकाल छापून आला. दोन्हीकडं बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं! घरी ठेवलेल्यांमुळं कुटुंबात जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही.

खरं काम औषधांचं होतं. शिवाय हा जंतू खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताट-पेल्यातून नाही.

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी माझ्या लहानपणी नानीचा पेला वेगळाच होता.

परवा पालकसभेनंतर एका विद्यार्थिनीची अम्मी मागं थांबली. “सर, मला टीबी निघालाय. शाळेत कुणाला सांगू नका.” मी तिला मद्रासची हकीकत सांगितली. तिनं एवढंच विचारलं, “मग मुलांबरोबर एका दस्तरखानवर बसू शकते ना?”

म्हटलं, “बसा. फक्त एकही गोळी चुकवू नका.”