आडवे इंजिन आणि मेस्त्रीचा हात

गेल्या आषाढात माझ्या गाडीचा पुढच्या दिव्याचा बल्ब गेला. बॉनेट उघडून पाहिले तर दिव्याच्या मागे बॅटरी, तिला खेटून हवेच्या फिल्टरचा डबा, आणि दोहोंमधल्या फटीत माझा हात मनगटाशीच अडकला. शेवटी नाक्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथल्या पोराने स्टिअरिंग पूर्ण वळवले, चाकाच्या कमानीतले प्लॅस्टिकचे अस्तर सोडवले आणि तिथून हात आत घातला. बल्ब दीडशे रुपयांचा; वेळ सव्वा तास. "काका, कंपनीनेच असं बनवलंय, आम्ही काय करणार?" तो म्हणाला.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझे वडील परळला टॅक्सीच्या गॅरेजमध्ये मेस्त्री होते. फियाट हे त्यांचे दैवत. आमचे घर त्या गाडीने चालवले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नोकरीतून उरलेल्या वेळात मी जुनी दुरुस्तीपुस्तके जमवत गेलो, आणि इतिहासाचे कोणतेही शिक्षण नसताना एकाच प्रश्नामागे लागलो : मोटारीत हात घालायला जागा होती, ती गेली कुठे? 'कंपन्या मुद्दाम करतात' हे उत्तर गॅरेजच्या बाकड्यावर ठीक आहे. कागदपत्रे पाहिली की ते पुरत नाही.

आधी वडिलांच्या फियाटचे पाहू. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. मूळ गाडी इटलीची, १९५३ ची 'नवी ११००'. तिचीच १९६२ ची 'डी' आवृत्ती आपल्याकडे १९६४ पासून तयार होऊ लागली आणि पुढे 'पद्मिनी' म्हणून ओळखली गेली. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने, उभे बसवलेले. त्याचे तोंड रेडिएटरकडे आणि पाठ गिअरबॉक्सकडे. डावी, उजवी, वरची आणि पुढची अशा चार बाजू मेस्त्रीसाठी खुल्या. रेडिएटर काढला की पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप, टायमिंगची साखळी सगळे समोर येई. प्लग आणि डिस्ट्रिब्युटर तर उभ्याउभ्या हाताला लागत. मालकही रविवारी प्लग साफ करीत, आणि त्याचा त्यांना अभिमान असे.

फियाटमध्ये सगळे सुखाचे होते असे मात्र नाही. क्लच प्लेट बदलायची तर गाडीखाली उताणे झोपून, लांबलचक शाफ्ट सोडवून गिअरबॉक्स छातीवर उतरवून घ्यावा लागे. वडिलांची पाठ त्यातच गेली. त्या गिअरबॉक्ससाठी आणि शाफ्टसाठी गाडीच्या मधोमध जो उंचवटा होता, तो पाय ठेवण्याची जागा खाई ते वेगळेच.

ही जागा खाण्याची गोष्टच पुढच्या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच उद्भवला आणि डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. जर्मन बनावटीच्या बुडबुड्यासारख्या तीनचाकी, चारचाकी चिमुकल्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. त्या पाहून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड चिडले आणि त्यांनी अलेक इसिगोनिस यांना खरीखुरी छोटी मोटार तयार करायला सांगितले. अट एकच : इंजिन कंपनीकडे तयार आहे तेच वापरायचे. इसिगोनिस यांचा जन्म १९०६ चा, स्मर्ना शहरातला. अभियांत्रिकी शिकताना ते गणितात तीनदा नापास झाले होते (माझ्यासारख्याला हा तपशील धीर देतो). त्यांनी ठरवले की गाडी दहा फुटांची, म्हणजे ३.०५ मीटरची करायची, आणि त्यातली ऐंशी टक्के जागा माणसांना व सामानाला द्यायची. एवढ्याशा गाडीत चार सिलिंडरचे इंजिन उभे ठेवले तर उरते काय? म्हणून ते त्यांनी आडवे केले. गिअरबॉक्सलाही जागा नव्हती, तेव्हा तो इंजिनाच्या खाली, तेलाच्या टाकीतच बसवला. २६ ऑगस्ट १९५९ रोजी जगापुढे आलेली ही 'मिनी'.

इंजिन आडवे झाले म्हणजे काय झाले, हे वाचकाने बॉनेट उघडून एकदा पाहावे. इंजिनाचे जे तोंड रेडिएटरकडे होते, ते आता चाकाच्या कमानीच्या पत्र्याला खेटले. पट्टे, पंप, साखळी सारे त्या बोळात गेले. पाठीमागची बाजू प्रवाशांपुढच्या आडव्या पत्र्याला लागली. चार मोकळ्या बाजूंपैकी उरल्या दोन, पुढची आणि वरची. मिनीत तर रेडिएटरही बाजूला, कमानीजवळ नेला होता. गिअरबॉक्सचे काम निघाले की इंजिनासकट सगळे बाहेर काढावे लागे. डिस्ट्रिब्युटर मात्र अगदी पुढे, जाळीच्या मागे आला, म्हणजे हाताला सोपा. पण पावसालाही तितकाच सोपा! भर पावसात मिनी बंद पडत. मग मालकांनी उपाय काढला : घरातला रबरी हातमोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा आणि प्लगच्या तारा त्याच्या कापलेल्या बोटांतून बाहेर काढायच्या.

इथपर्यंतची कथा पुष्कळांनी सांगितली आहे. माझे कुतूहल तिच्या पुढच्या भागात आहे, कारण तिथे आमच्या घरचा माणूस भेटतो. दान्ते जाकोसा. जन्म १९०५, इसिगोनिसपेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी वडील. फियाटच्या ज्या ११०० ने आमची चूल पेटवली, ती याच माणसाच्या हाताखाली घडली. मिनी पाहून जाकोसांना आडवे इंजिन पटले, पण टाकीतला गिअरबॉक्स पटला नाही. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, वेगळ्या डब्यात जोडला. तो मधोमध येत नाही, म्हणून दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट कमीजास्त लांबीचे केले. प्रयोग फसला तर फियाटचे नाव खराब होऊ नये यासाठी १९६४ मध्ये ही मांडणी 'ऑटोबियांकी प्रिमुला' नावाच्या गाडीत आधी आजमावली गेली. मग १९६९ मध्ये फियाट १२८ आली : गिअरबॉक्स टोकाला, रेडिएटर पुन्हा पुढे, त्यावर विजेचा पंखा. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी हीच आहे.

जाकोसांनी मेस्त्रीला काही परत दिले हे मान्य करायला हवे. गिअरबॉक्स आता इंजिन न उघडता वेगळा निघू लागला. पण इंजिनाचे तोंड कमानीच्या बोळातच राहिले. शिवाय १२८ मध्ये साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा आला. त्याचा आवाज कमी, वजन कमी. पण साखळीसारखा तो वर्षानुवर्षे विसरता येत नाही, ठरावीक काळाने बदलावाच लागतो. म्हणजे ज्या ठिकाणी हात जात नाही, तिथेच नेमाने हात घालण्याची वेळ आली. चाक काढा, अस्तर काढा, इंजिनाला खालून जॅक लावा, त्याचा आधार सोडवा, आणि मग चार बोटांच्या फटीत पाना फिरवा.

उभे इंजिन असले की सुटलो, असेही नाही. अमेरिकेत १९७५ च्या शेव्रोले मोंझात आठ सिलिंडरचे इंजिन उभेच होते. पण त्या गाडीचा आराखडा आखताना डोळ्यांपुढे होते छोटे रोटरी इंजिन. ते १९७४ मध्ये बारगळले आणि त्या जागेत भले मोठे व्ही-आठ कोंबले गेले. मागचा प्लग बदलायचा तर इंजिनाचे आधार ढिले करून ते जॅकने उचलावे लागे. प्लगसाठी इंजिन उचलणे! दिशा कोणतीही असो, जागेचा हिशेब करताना मेस्त्रीचा हात मोजला गेला नव्हता. बैठकीत खुर्ची गिऱ्हाइकाची असते, विक्रेत्याची असते. पाच वर्षांनी गाडीखाली शिरणाऱ्याची नसते.

आपल्याकडे आडवे इंजिन घरोघरी पोचवले ते मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन. आजच्या गाड्यांपुढे तिचे बॉनेट मोकळे मैदान वाटेल. एसी, पॉवर स्टिअरिंग, धुराच्या नियमांसाठी आलेल्या नळ्या हे सारे पुढे त्याच जागेत दाटत गेले. पण वडिलांच्या गॅरेजात पहिली मारुती आली तेव्हा ते पन्नाशीत होते. तीस वर्षे पाने फिरवून बोटे जाड झालेली. त्यांनी बॉनेट उघडले, आत पाहिले, हात घातला आणि बाहेर काढला. मग मालकाला म्हणाले, "शेठ, हिला पोराचा हात पाहिजे." ते काम त्यांनी सतरा वर्षांच्या हेल्परला दिले आणि स्वतः जन्मभर टॅक्सीच करीत राहिले. हेल्परचा पगार काही वर्षांत त्यांच्यापुढे गेला. घरी ते याबद्दल बोलले नाहीत. आईकडून मला कळले.

वडिलांना जाकोसा हे नाव ठाऊक नव्हते. मला ते कळले तोवर वडील गेले होते. त्यांना पोसणारी गाडी आणि त्यांना मागे टाकणारी मांडणी एकाच टेबलावरून उठली होती, हे ऐकून ते काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो. बहुधा विचारले असते, "त्याने कधी स्वतः पट्टा बदलला होता का?" जाकोसांनी आठवणींचे जाड पुस्तक लिहिले आहे. त्यात इंजिने आहेत, कारखाने आहेत, वरिष्ठांशी झालेले वाद आहेत.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात मी माळ्यावरची वडिलांची पेटी उघडली. प्लगपाना, गोटी-पान्यांचा संच, मूठ झिजलेला स्क्रू ड्रायव्हर. प्लगपाना घेऊन खाली गेलो आणि माझ्या गाडीचे बॉनेट उघडले. प्लगवर कॉइल बसवलेली, तिच्यावर प्लॅस्टिकचे झाकण, आणि प्लग खोल विहिरीत. पाना झाकणावर ठेवून पाहिला. तो वीतभर आखूड पडत होता.