सोमवारचा दम : गिरणगावातील एका श्वासरोगाचा इतिहास

श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजू लागली की फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका आकसल्या आहेत असे समजावे. श्वास आत घेताना घशाशी घरघर होत असेल, तर अडथळा बहुधा स्वरयंत्रात किंवा मुख्य श्वासनलिकेत असतो. दमा, जंतुसंसर्ग, तंबाखू, हृदयविकार, लहान मुलाच्या श्वासमार्गात अडकलेला शेंगदाणा अशी या आवाजांची कारणे अनेक आहेत. चरकसंहितेने श्वासरोगाच्या कारणांत धूळ आणि धूर यांची गणना केली, आणि इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली अंबाडीसारखे तंतू विंचरणाऱ्या कामगारांच्या खोकल्याची व दम्याची नोंद केली. तरीही मुंबईच्या गिरण्यांतील धूळ दीर्घकाळ कामाचा अपरिहार्य भागच मानली गेली.

ताडदेव येथे १८५६ साली कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली आणि पुढे परळ-लालबागचा परिसर गिरणगाव बनला. कापसाचे गठ्ठे फोडून पिंजणारे ब्लोरूम आणि तंतू विंचरणारे कार्डिंग, या दोन खात्यांत धूळ सर्वाधिक असे. रुईबरोबर आलेल्या पाना-बोंडांच्या चुऱ्यात जंतूंचे विषारी अंश असतात आणि त्यांच्यामुळेच श्वासनलिका आकसतात, असे मानले जाते. या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत काही तासांनी छाती आवळणे ही त्याची खूण होय. आठवडा सरता सरता त्रास कमी होतो, मात्र वर्षानुवर्षे धूळ सोसलेल्याला तो कायमचा जडू शकतो.

ही खूण दिसण्यासाठी आधी सुटी हवी, आणि कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली. त्यापूर्वीच्या अखंड राबणुकीत सोमवारचा हा त्रास वेगळा उठून दिसणे कठीणच होते. नंतरही दमटपणा, चाळीतील चुलींचा धूर, विडी आणि क्षयरोग यांच्या गर्दीत कामगाराची धाप सहज दमा किंवा क्षय ठरू शकत होती, आणि मग दोष खात्याचा न राहता देहाचा होई. या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय तोच होय.

कारखाने कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा यांच्या अनुसूचींत बिसिनोसिसला पुढे स्थान मिळाले. परंतु भरपाईसाठी रोगाचे कामाशी असलेले नाते महत्त्वाचे ठरते, आणि ते दाखवणाऱ्या सलग नोकरीची नोंद इतरांच्या गैरहजेरीत काम मिळणाऱ्या बदली कामगाराजवळ क्वचितच असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा धूळ थांबली, पण आकसलेल्या छातीचे हक्क सिद्ध करणे आणखी अवघड झाले. विदर्भातील जिनिंग कारखान्यांत, जिथे सरकीपासून रुई वेगळी केली जाते, आजही काम हंगामी असल्याने नोंदीचा हा प्रश्न तसाच उभा आहे.