उमरगा : एक मतदार, तीन विधानसभा

निवडणुकांचा इतिहास आपण बहुधा सत्तांतराचा इतिहास म्हणून वाचतो. कोण जिंकले, कोण हरले, मुख्यमंत्रिपदी कोण आले, एवढ्यावर प्रकरण संपते. उमरग्यासारख्या सीमेलगतच्या भागातून पाहिले, की त्याआधीचा एक प्रश्न उभा राहतो : मत ज्या सभागृहासाठी दिले, ते कोणत्या राज्याचे?

१९५२ साली प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली, तेव्हा उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवट संपून चार वर्षेही झाली नव्हती. येथील मतदाराचा प्रतिनिधी १७५ जागांच्या विधानसभेत तेलुगू, कन्नड आणि उर्दू भाषकांच्या शेजारी बसला. पाच वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ते राज्यच उरले नाही. १९५७ साली याच मतदाराने द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले आणि १९६२ साली महाराष्ट्राच्या. दहा वर्षांत तीन निवडणुका झाल्या, तीन राज्ये झाली. मतदार जागचा हलला नव्हता. शेजारचे बसवकल्याण आणि आळंद मात्र म्हैसूर राज्यात गेले होते.

हा बदल मतपेटीतून झालेला नव्हता. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्यांच्या सीमा संसद ठरवते. संबंधित विधानसभेचे मत मागवले जाते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. हैदराबादचे विभाजन व्हावे, ही स्वामी रामानंद तीर्थांची आणि मराठवाड्यातील अनेकांची मागणी होती, हे खरे. परंतु त्यांना हवा होता संयुक्त महाराष्ट्र. हाती आले द्वैभाषिक.

त्यावर मतदाराने उत्तर दिले ते १९५७ साली, आणि तेही सर्वत्र सारखे नव्हते. पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने जोरदार कौल दिला. मराठवाडा बव्हंशी काँग्रेससोबत राहिला. पुढे १९६० साली महाराष्ट्र घडला, त्याच्या स्मृतीत पहिल्या कौलाला जागा मिळाली, दुसऱ्याला फारशी नाही. मराठवाड्याच्या वाट्याला आले ते कलम ३७१ मधील विशेष तरतुदीचे आश्वासन. त्यातील विकास मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले, आणि त्याची मुदत २०२० साली संपली.

अनुशेषाची चर्चा आपण आकड्यांनी करतो. तिची सुरुवात मात्र या जुन्या अनुभवात आहे : आमदार निवडता येतो, राज्य निवडता येत नाही.