गाण्यातला अँथनी, खरा अँथनी

१९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. पिंपरी-चिंचवडच्या मांडवामांडवांतून अँथनी गोन्साल्विस हे नाव गाजू लागले. सवंगडी त्याच नावाने मला चिडवीत आणि मी ओशाळा होई. त्या नावाचा थोर संगीतकार खरोखरच हयात आहे, हे कळले ते सेमिनरीत गेल्यावर!

१९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील निष्णात व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गाण्यातील ते नाव म्हणजे शिष्याची गुरुवंदनाच. १९५८ साली त्यांनी भारतीय राग व पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम साधणारा वाद्यवृंद उभारला. पुढे ते अमेरिकेस गेले, माजोर्ड्यास परतले आणि २०१२ साली निवर्तले.

शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांचे सहकारी चिक चॉकलेट हेही गोवेकरच. चर्चच्या गायनशाळेत स्वरलिपी गिरविलेल्या अशा कित्येकांची नावे पडद्यावर क्वचितच झळकली.

वाचकहो, पडद्याला दोष देण्यापूर्वी स्वतःला विचारू या : आपल्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्साला ऑर्गन वाजविणाऱ्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय?