मधमाशी व गांधीलमाशीचा डंख : घरगुती उपचार

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर ठणका, आग आणि सूज कमी व्हावी म्हणून घरच्या घरी केले जाणारे उपाय. महाराष्ट्रात अशा उपायांचा साठा मोठा आहे : पानाच्या डब्यातला चुना, लोखंड, कापलेला कांदा, तुळशीचा रस, हळद, ओली माती, रॉकेल, आणि अलीकडे टूथपेस्ट. यांची शोधाशोध होईपर्यंत मोलाचे पहिले मिनिट निघून गेलेले असते. म्हणून येथे आधी काट्याचा विचार केला आहे, लेपांचा नंतर.

काटा : राज्यात आढळणाऱ्या आग्या, सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या तसेच पेट्यांत पाळली जाणारी मेलिफेरा माशी डंख करते, पोयाची माशी करू शकत नाही. कामकरी माशीच्या काट्याला उलटे दाते असतात. माणसाच्या कातडीत तो रुतला की माशीला मागे ओढता येत नाही. काटा, विषाची पिशवी आणि तिचे स्नायू तुटून कातडीवरच राहतात आणि माशी काही वेळाने मरते. तुटलेल्या पिशवीचे स्नायू मात्र आकुंचन पावत राहतात आणि विष आत ढकलत राहतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार किमान ९० टक्के विष पहिल्या २० सेकंदांत आणि उरलेले मिनिटभरात आत जाते.

काटा चिमटीत धरला तर पिशवी दाबली जाते, म्हणून तो सुरीच्या पाठीने खरवडूनच काढावा, असे प्रथमोपचाराच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेले. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये व्हिशर, व्हेटर आणि कॅमझिन या संशोधकांनी हे तपासून पाहिल्याचा वृत्तान्त दिला. चिमटीने काढा की खरवडून, उठणाऱ्या गांधीच्या आकारात फरक पडला नाही. काही सेकंदांच्या उशिराने मात्र गांध मोठी झाली. तेव्हा नख, चिमूट, ओढणीची कड, जे हाताशी असेल त्याने काटा तत्क्षणी उडवावा. चिमटा आणायला घरात धावू नये. गांधीलमाशीचा काटा जवळजवळ गुळगुळीत असतो. तो सहसा मागे राहत नाही आणि ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. तिथे काटा शोधत बसण्यापेक्षा जागा सोडणे शहाणपणाचे.

जागा सोडणे मधमाशीच्या बाबतीतही निकडीचे असते. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास असलेले एक रसायन (आयसोअमाइल अॅसिटेट) हवेत पसरते आणि पोळ्यातल्या इतर माश्यांना हल्ल्याची वर्दी देते. गडांचे कडे, लेण्यांच्या कपारी, पाण्याच्या उंच टाक्या ही आग्या मोहोळाची आवडती ठिकाणे. तिथे माश्या उठल्या तर तोंड-डोळे झाकून पळत सुटावे आणि बंद खोली किंवा गाडी गाठावी. तळ्यात उडी घेऊ नये. डोके वर काढेपर्यंत माश्या घिरट्या घालत थांबू शकतात. अशा वेळी काटे काढणे आडोसा मिळाल्यावर.

विष आणि लेप : मधमाशीचे विष आम्लधर्मी म्हणून त्यावर चुना किंवा खाण्याचा सोडा, गांधीलमाशीचे अल्कधर्मी म्हणून त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर, ही मांडणी शाळेच्या पुस्तकांतही सापडते. ऐकायला ती नेटकी आहे, पण टिकत नाही. मधमाशीच्या कोरड्या विषात सुमारे निम्मा भाग मेलिटिन नावाच्या पेप्टाइडचा असतो. ते पेशींची आवरणे फोडते. फॉस्फोलिपेज आणि हायल्युरोनिडेज ही विकरे त्याला साथ देतात. हा प्रथिनांचा खेळ आहे, नुसत्या आम्लाचा नाही. शिवाय विष कातडीखाली असते आणि लेप वर राहतो. चुन्याने त्यात नवी भर पडते : नाजूक कातडी, विशेषतः लहान मुलांची, भाजते. पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय असला तरी तो सोडून द्यावा. रॉकेलही तसेच.

लोखंड घासण्याची रीत थोडी वेगळी पाहायला हवी. विळ्याच्या पाठीने किंवा किल्लीने लगेच घासले तर काटा खरवडला जातो आणि थंड धातूने क्षणभर बरे वाटते; त्याला मिळणारे यश यामुळे असावे. गंजके लोखंड आणि सोललेली कातडी ही जोडी मात्र धनुर्वाताला आमंत्रण देणारी. कांदा, तुळस, कोरफड यांच्या ओलाव्याने गारवा मिळतो. त्यांनी विष उतरत नाही, पण अपायही सहसा होत नाही.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातला शेवटचा अध्याय कीटकांच्या विषाला वाहिलेला आहे. मुंग्या, माश्या आणि डास यांच्या दंशावर वारुळाची काळी माती गोमूत्रात कालवून लावायला त्यात सांगितले आहे. ओल्या मातीचा आपल्याकडचा उपाय याच्याशी नाते सांगतो. ओली माती वाळताना उष्णता ओढून घेते, हे खरे. पण मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि तोच गारवा स्वच्छ ओल्या फडक्याने मिळतो.

काय करावे : काटा निघाल्यावर जागा साबण-पाण्याने धुवावी. बोटाला किंवा हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच उतरवावे. सूज चढल्यावर ते कापून काढायची वेळ येते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, मधे थांबून पुन्हा धरावा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि ठणका बधिर होतो. घरगुती उपायांत यासारखा भरवशाचा दुसरा नाही. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची घडी चालते. हात-पाय उंच ठेवावा. खाजेवर कॅलामाइन लोशन किंवा सेटिरिझिनची गोळी, दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरते. सूज एक-दोन दिवस वाढत जाऊन मग उतरते. काहींची कोपरापासून मनगटापर्यंत पसरते आणि आठवडाभर टिकते. बहुधा ती विषावरची प्रतिक्रिया असते, जंतुसंसर्ग नव्हे, त्यामुळे घाईने प्रतिजैविके घेऊ नयेत.

इतर दंश : हेच उपाय सरसकट लागू पडत नाहीत. आंब्यावर पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या चावतात आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल सोडतात. ते कातडीवर असल्याने भरपूर पाण्याने धुतले की लगेच फरक पडतो. कोकणात मासळी सोडवताना पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर बर्फ नव्हे, सोसेल इतके गरम पाणी उपयोगी पडते. विंचू चावल्यावर आघाड्याचे मूळ किंवा उगाळलेला चिंचोका लावत बसू नये. लाल विंचवाच्या विषाने घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसतात आणि हृदयावर ताण येतो. त्यावर प्राझोसिन हे औषध उपयोगी आहे, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर काम करून दाखवून दिले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

घरी थांबू नये तेव्हा : अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, उलटी, चक्कर यांतले काहीही डंखानंतर दिसले तर ती तीव्र अॅलर्जी समजावी. ती बहुधा काही मिनिटांत, अर्ध्या तासाच्या आत सुरू होते आणि एका डंखानेही जीव जाऊ शकतो. तिचे औषध अॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सेटिरिझिनने हे काम होत नाही. १०८ वर फोन करावा. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे. पूर्वी साधी सूज आली होती म्हणून या वेळीही तेवढेच होईल, असे धरून चालू नये.

रसवंतीवरच्या पेल्यातून माशी तोंडात जाऊन घशात डंख झाला, तर अॅलर्जी नसतानाही सुजेने श्वासमार्ग बंद होऊ शकतो. बर्फाचा खडा चघळत थेट रुग्णालय गाठावे. डोळ्यातल्या डंखाला घरी हात लावू नये. मोहोळ उठून एकदम अनेक डंख झाले तर विषाची मात्राच घातक ठरते : स्नायू आणि तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद तपकिरी होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. त्यामुळे असा माणूस, विशेषतः मूल किंवा वृद्ध, बोलता-चालता असला तरी त्याला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवावे आणि रक्त-लघवी तपासून घ्यावी.